म्हातारं मांजर रात्री का ओरडतं?

प्रश्न : आमची चिंगी १४ वर्षांची आहे. लहान असतानाच तिचं ऑपरेशन करून घेतलं होतं. जन्मभर अगदी अबोल मांजर. पण या पावसाळ्यापासून ती रात्री दोन-अडीचला पॅसेजमध्ये उभी राहते आणि घोगऱ्या आवाजात लांबलचक ओरडते. उठून जवळ गेलं, हाक मारली की थांबते; आपण परत अंथरुणात शिरलो की पुन्हा सुरू. आजारी म्हणावं तर भूक उत्तम आहे, उलट वाढलीच आहे. वाटीत घातलेलं मिनिटभरात फस्त करते. अंगानं वाळली आहे, पण ते वयानं असेल. सासूबाई म्हणतात, मांजराचं रडणं घराला चांगलं नसतं. शेजारी म्हणतात, आमची झोप मोडते. हे नेमकं काय आहे आणि काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रात रडण्यापेक्षा दुसरीच एक गोष्ट खटकली, आणि ती तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. चिंगीची भूक वाढली आहे आणि तरी ती वाळली आहे. भरपूर खाऊनही वाळणं वयाच्या खात्यावर टाकता येत नाही. रात्रीची व्यवस्था काय करायची ते पुढे बघूच, पण त्याआधी तिला डॉक्टरकडे न्या. नुसतं 'जरा बघा' म्हणून नव्हे, तर काही ठरावीक तपासण्या मागून घेण्यासाठी. त्या का मागायच्या हे कळायला थोडं मागून सुरुवात करू.

मांजर म्यांव करतं ते कुणासाठी? पिल्लू आईसाठी करतं: भूक लागली, थंडी वाजली, वाट चुकली. मोठी मांजरं आपसात म्यांव करतच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यांचा एकमेकांशी व्यवहार वास, शेपूट, कान आणि नजर यांवर चालतो. आवाज चढतो तो भांडणात आणि माजाच्या दिवसांत. माणसांत वाढलेलं मांजर मात्र पिल्लूपणीचं म्यांव मोठेपणीही सोडत नाही, कारण या आवाजाला माणूस उठून दाद देतो हे त्याच्या लवकर लक्षात येतं. मिल्ड्रेड मोल्क या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९४४ साली मांजरांच्या आवाजांचे तीन गट पाडले: तोंड मिटून काढलेले, तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले आणि तोंड ताणून उघडं ठेवून काढलेले. घुरघुर पहिल्या गटातली, म्यांव दुसऱ्यातलं, फिस्कारणं आणि किंचाळणं तिसऱ्यातलं. ही वर्गवारी अभ्यासक आजही वापरतात.

चिंगीचं ऑपरेशन झालेलं आहे, म्हणजे माजाचा प्रश्न नाही. पॅसेजमध्ये भांडायलाही कुणी नाही. तुम्ही हाक मारलीत की ती थांबते, यावरून ती तुम्हालाच बोलावते आहे असं दिसतं. प्रश्न उरतो तो एवढाच की जन्मभर न बोलावणारं मांजर आता का बोलावतं आहे. म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत याचं उत्तर बहुतेक वेळा शरीरात सापडतं. 'म्हातारचळ लागला' हा निष्कर्ष शेवटी काढायचा असतो. आपल्याकडे तो पहिल्याच दिवशी काढतात आणि तिथेच थांबतात.

आता त्या वाढलेल्या भुकेकडे. मांजराच्या गळ्यात, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना, थायरॉइड ग्रंथी असते. दहाएक वर्षांनंतर ती कधी कधी सुजते आणि गरजेपेक्षा जास्त संप्रेरक सोडू लागते. ही गाठ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सर क्वचितच निघतो. पण त्या संप्रेरकामुळे शरीराची भट्टी अहोरात्र पेटलेली राहते. मांजर सारखं खातं आणि खाल्लेलं जळून जातं. हृदय धडधडतं, एका जागी बसवत नाही, अधूनमधून ओकाऱ्या होतात, केस विस्कटलेले राहतात, आणि रात्री घरभर फिरत ओरडणं सुरू होतं. गंमत म्हणजे सुरुवातीला घरच्यांना यात कौतुकच वाटतं: 'बघा, या वयातही कशी पळते!' मांजरांना हा आजार होतो हे पहिल्यांदा मांडलं गेलं १९७९ साली, न्यूयॉर्कमध्ये. आज म्हाताऱ्या मांजरांच्या संप्रेरकांच्या आजारांत तो अगदी वरच्या जागी आहे. मग त्याआधीची कित्येक मांजरं 'वयानं वाळली' म्हणूनच गेली असणार.

हे ओळखणं अवघड नाही. डॉक्टर गळ्यावरून बोटं फिरवून गाठ लागते का पाहतात आणि रक्तातलं टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक तपासतात. निदान झालं तर माणसांना देतात तीच कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल ही औषधं मांजराच्या मापानं, बहुधा आयुष्यभर द्यावी लागतात. अमेरिका-ब्रिटनमध्ये किरणोत्सारी आयोडीनच्या एकाच मात्रेत बहुतेक मांजरं बरी करतात. गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायला मात्र विसरू नका. चढलेल्या थायरॉइडमुळे मूत्रपिंडांतून रक्त जोरात फिरत असतं, त्यामुळे तिथला बिघाड झाकलेला राहतो. थायरॉइड ताळ्यावर आलं की तो उघडा पडतो. गोळीनं मूत्रपिंडं बिघडवली असं वाटून औषध बंद करू नका. बिघाड आधीचाच असतो.

दुसरी मागायची तपासणी रक्तदाबाची. मांजराचं बीपी मोजतात हे ऐकून अजूनही पुष्कळांना हसू येतं. लहान बाळाला लावतात तसा चिमुकला पट्टा पुढच्या पायाला नाहीतर शेपटीच्या बुडाशी बांधतात, मांजराला थोडं स्थिरावू देतात, आणि पाच-सात वेळा मोजून सरासरी काढतात. वरचा आकडा सतत १६०च्या पुढे राहिला तर उपचार लागतात, १८०च्या पुढे डोळे, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांना चांगलाच धोका असतो. थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे आजार, दोन्ही हा दाब वाढवतात. चढलेल्या दाबानं मांजराला नेमकं काय होतं ते आपल्याला विचारता येत नाही, पण रात्रीची बेचैनी आणि आक्रोश हे त्याचं ठाऊक असलेलं लक्षण आहे. त्याहून वाईट म्हणजे डोळ्यातला पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. घर पाठ असल्यामुळे आणि मिशांनी अंदाज घेता येत असल्यामुळे ते भिंतीच्या कडेकडेनं व्यवस्थित फिरतं, आणि घरच्यांना आठवडाभर पत्ता लागत नाही. भरदिवसा, खिडकीच्या उजेडातही चिंगीची बुबुळं मोठी आणि काळीभोर दिसत असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. उपचार सोपा आहे: ॲम्लोडिपिन, म्हणजे बीपीच्या असंख्य पेशंटांच्या डब्यात असते तीच गोळी. पण सासरेबुवांच्या डब्यातली अर्धी मोडून घालू नका, ती अर्धी गोळीसुद्धा चार किलोच्या जिवाला फार होते.

मूत्रपिंडांचा उल्लेख आलाच आहे. म्हातारी मांजरं सर्वांत जास्त खंगतात ती मूत्रपिंडांच्या आजारानं. पाणी जास्त पिणं, शी-लघवीच्या ट्रेमधले मातीचे गोळे मोठे होणं, मळमळ, तोंडाला वास ही लक्षणं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं ते मूत्रपिंडांची साधारण तीन-चतुर्थांश ताकद गेल्यावर. म्हणून रक्ताच्या जोडीनं लघवीची घनता तपासायला सांगा, तिथे बिघाड आधी कळतो.

आता दुखण्याबद्दल, कारण इथे मांजर आपल्याला हमखास फसवतं. २००२ साली अमेरिकेत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांच्या एक्स-रे फोटोंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ९० मांजरांच्या सांध्यांत झीज सापडली. प्रत्येक झिजलेला सांधा दुखतोच असं नाही, हे खरं. पण मांजर सहसा लंगडत नाही, कण्हत नाही. ते फक्त एकेक गोष्ट सोडून देतं. फ्रिजवर चढणं बंद होतं, मग ओट्यावर, मग पलंगावर. पाठीच्या मागच्या भागात केसांचे गुंते होतात कारण तिथवर वळून चाटता येत नाही. नखं जाड होऊन गालिच्यात अडकतात. ट्रेचा काठ ओलांडणं जिवावर येतं, म्हणून बाजूलाच शी होते, आणि वरून घरचे ओरडतात. असं मांजर रात्री कपाटासमोर उभं राहून ओरडत असेल तर त्याला वर जायचं आहे आणि जाता येत नाही, इतका साधा अर्थही असू शकतो. किडलेले दात आणि बद्धकोष्ठ ही दुखण्याची आणखी दोन ठिकाणं. तोंड उघडून आणि पोट चाचपून डॉक्टरांना दोन मिनिटांत अंदाज येतो.

कान घरीच तपासता येतात. चिंगी पाठमोरी बसलेली असताना, तिला दिसणार नाही आणि जमीन हादरणार नाही अशा बेतानं मागून किल्ल्या वाजवा. कान मागे वळले नाहीत तर ऐकू कमी येतं आहे. बहिऱ्या मांजराला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते तारस्वरात ओरडतं. तुमच्या हाकेनं चिंगी थांबते म्हणजे तिला निदान काहीतरी ऐकू येतं. की तुम्ही लावलेला दिवा पाहून ती थांबते? दिवा न लावता हाक मारून पाहा.

एवढं सगळं तपासून हाती काही लागलं नाही, तरच मेंदूकडे वळायचं. माणसांना होतो तसा स्मृतिभ्रंश मांजरांनाही होतो. मांजरांच्या वागण्याच्या अभ्यासात ११ ते १४ वर्षांच्या मांजरांपैकी सुमारे २८ टक्के आणि १५ वर्षांवरच्यांपैकी जवळजवळ निम्म्या मांजरांमध्ये दुसऱ्या कुठल्या आजारानं न उलगडणारा निदान एक तरी बदल दिसला. दिवसरात्रीची उलटापालट, भिंतीकडे टक लावून बसणं, ओळखीच्या खोलीत अडकून पडणं, खाल्लेलं विसरून पुन्हा मागणं, आणि आपला विषय, म्हणजे कारण नसताना मोठ्यानं ओरडणं. एडिंबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ साली २५ मांजरांचे मेंदू मरणोत्तर तपासून काय पाहिलं ते प्रसिद्ध केलं. अल्झायमरच्या रोग्यांत साठतं तेच अमायलॉइड प्रथिन म्हाताऱ्या मांजरांच्या मेंदूपेशींच्या जोडांमध्ये साठलेलं होतं, आणि मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी ते जोड खाऊन टाकत असल्याच्या खुणा होत्या. उंदरांत हा आजार प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण करावा लागतो, मांजरांना तो आपोआप होतो. त्यामुळे अल्झायमरवर काम करणाऱ्यांनाही आता मांजरांत रस आहे.

स्मृतिभ्रंश झालेली मांजरं का ओरडतात, याची एक छोटी पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. ३७ मांजरांच्या पालकांना मुख्य कारण विचारलं. १५ जणांनी 'गोंधळून, वाट चुकल्यासारखं होऊन' असं सांगितलं, १५ जणांनी 'आमचं लक्ष वेधायला', सहा जणांनी खाणं-पाणी किंवा अशीच काही गरज. दुखतंय म्हणून, असं सांगणारा एकच निघाला. हा शेवटचा आकडा मला पटत नाही. सांध्यांचे ते एक्स-रे आठवा. दुखणं कमी नाही, ते आपल्याला दिसत नाही.

डॉक्टरकडे जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. रात्रीच्या ओरडण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, कारण दवाखान्यात चिंगी चकार शब्द काढणार नाही. आणि वजनाची नोंद: तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्या उभ्या राहा आणि वजाबाकी करा. चार किलोच्या मांजराचं अर्धा किलो कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेसात किलो उतरणं. जवळच्या डॉक्टरांकडे बीपीचा छोटा पट्टा नसेल तर मोठ्या रुग्णालयात जावं लागेल. परळला १८८६पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, डोंबिवलीहून लोकलनं गाठता येतं. टोपलीवर चादर टाकून, गर्दीची वेळ टाळून न्या. प्रवासाच्या धसक्यानंही दाब चढतो, तेव्हा पोचल्यावर तिला थोडा वेळ शांत बसू द्या.

आता रात्रीचं. तपासण्यांचे निकाल येईपर्यंतही हे करता येईल. पॅसेजमध्ये झीरोचा दिवा लावून ठेवा, नजर कमी झालेलं मांजर अंधारात जास्त गोंधळतं. रात्रीचं शेवटचं खाणं तुम्ही झोपायच्या जरा आधी द्या, आणि त्याआधी दहा मिनिटं दोरी-चेंडूनं खेळवा, म्हातारी मांजरंही बसल्या बसल्या पंजा मारतात. दिवसभर खिडकीत झोपून काढलेलं मांजर रात्री जागं राहणारच, म्हणून दुपारी दोन-तीनदा उठवा. दूधभात देत असाल तर बंद करा. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि गुरगुरतं पोट घेऊन कोण शांत झोपेल? सुके बोंबीलही नकोत, त्यातलं मीठ बीपी आणि मूत्रपिंड दोन्हींना वाईट. काठ कमी असलेला एक जादा ट्रे झोपायच्या खोलीजवळ ठेवा. जुनी गोधडी घालून तिची जागा तुमच्या पलंगाशेजारी करा. कित्येक मांजरांचं ओरडणं निव्वळ एवढ्यानं थांबतं, कारण जागं झाल्यावर आपलं माणूस कुठे आहे हे त्यांना लगेच कळतं. घरातलं सामान हलवू नका, यंदा दिवाळीची आवराआवर करताना कपाटांच्या जागा तरी आहेत त्याच राहू द्या.

मात्र रात्री अडीचला उठून खाऊ देऊ नका. एकदा दिलात की रोज द्यावा लागेल. रागावूही नका, पाणी शिंपडू नका. गोंधळलेल्या जिवाला त्यातून काहीच शिकता येत नाही, भीती तेवढी वाढते. हाक मारा, हात फिरवा आणि गोधडीवर आणून ठेवा.

राहिल्या सासूबाई. त्यांना एवढंच सांगा की मांजराच्या रडण्यानं घरावर काही येत नाही. पूर्वी रात्री रडणारी मांजरं बहुतेक कौलांवरचे बोके आणि माजावर आलेल्या भाट्या असत, आणि मोठ्या कुटुंबात कुणी ना कुणी आजारी असायचंच. दोन्हींची गाठ घातली गेली. अपशकुन म्हणायचाच तर तो एकट्या चिंगीसाठी आहे, आणि त्यावर शांत नाही, रक्ततपासणी करायची असते.

प्रश्न : आमचा बोका १३ वर्षांचा आहे. पाय दुखत असावेत असं वाटतं, रात्री विव्हळतो. लहान मुलांचं तापाचं औषध थोडंसं दिलं तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. थेंबभरही नाही. लहान मुलांचं तापाचं औषध म्हणजे बहुतेक वेळा पॅरासिटामॉल, आणि मांजरासाठी ते विष आहे. ते निकामी करायला यकृतात जे विकर लागतं, ते मांजराकडे जवळजवळ नसतंच. त्यामुळे औषधाचे विषारी अवशेष रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिनही आपल्या मनानं द्यायचं नाही. कापूर घातलेले बामही चोळायचे नाहीत, कारण मांजर ते चाटून पोटात घेतं. चुकून दिलं गेलं असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा. उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. मांजरांना चालणारी वेदनाशामकं आहेत. ती डॉक्टर मूत्रपिंडं तपासून, मोजक्या मात्रेत देतात.

आणि तुमचा बोका असल्यामुळे आणखी एक सांगायला हवं. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल आणि लघवी थेंबभर किंवा मुळीच होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबला आहे. बोक्यांचा हा मार्ग फार अरुंद असतो, आणि तुंबल्यावर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तसंच अचानक किंचाळून मागचे पाय लुळे पडले आणि ते हाताला गार लागले तर धमनीत रक्ताची गुठळी अडकलेली असते. या दोन्ही वेळी सकाळ उजाडायची वाट पाहायची नसते.

प्रश्न : आमची भाटी १२ वर्षांची आहे, ऑपरेशन केलेलं नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी काही दिवस जमिनीवर लोळते, मागचा भाग वर करते आणि रात्रंदिवस ओरडते. या वयात माज कसा?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मांजरीची पाळी म्हातारपणी जात नाही. पिल्लं कमी होतील, राहणारही नाहीत, पण माज येत राहतो. दिवस मोठे असताना तो वारंवार येतो, आणि आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फारसे लहान होत नसल्यानं जवळजवळ वर्षभर चालू राहतो. तिचं ओरडणं म्हणजे आजार नव्हे, पण धोका दुसरीकडे आहे. प्रत्येक रिकाम्या माजानंतर गर्भाशयात पू होण्याची शक्यता असते. भूक गेली, पाणी जास्त पिऊ लागली, पोट फुगलं किंवा घाण स्राव दिसला तर तातडीनं न्या. आठवड्यातून एकदा पोटावरून हात फिरवून स्तनांत वाटाण्याएवढी गाठ लागते का पाहा, मांजरींच्या स्तनांतल्या गाठी बहुतांशी कॅन्सरच्याच निघतात. रक्ततपासणी ठीक असेल तर १२व्या वर्षीही गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन होतं, आणि ते करून घ्या. माज थांबवायची इंजेक्शनं किंवा गोळ्या मात्र देऊ नका. त्यांनीच पू, गाठी आणि मधुमेह ओढवतो.

प्रश्न : मांजर १६ वर्षांचं आहे, दिसत नाही, रात्रभर ओरडतं. बिल्डिंगमधले म्हणतात, पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून या, तिथे पोट भरेल. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सोडून येऊ नका. मासळीबाजारात तगतं ते तरणं, तिथंच वाढलेलं मांजर. आंधळं घरमांजर तिथे कुत्र्यांच्या नाहीतर टेम्पोच्या तावडीत पहिल्या दोन दिवसांतच सापडतं. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार, हे उघड आहे, पण गुन्हा तो गुन्हाच.

आधी वर चिंगीसाठी सांगितलेल्या तपासण्या करून घ्या. दृष्टी रक्तदाबानं गेली असेल तर ती बहुधा परत येणार नाही, पण दाब उतरल्यावर ओरडणं कमी होऊ शकतं. शेजाऱ्यांना सांगा की उपचार चालू आहेत, महिनाभर कळ काढा. तोवर खिडक्या बंद करून मांजराला आतल्या खोलीत, तुमच्याजवळ झोपवा. उपचार करूनही ते खात नसेल, स्वतःला चाटत नसेल, त्याला माणसाचा हातही नकोसा झाला असेल, तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोला. भूल देऊन, तुमच्या हाताखाली, दवाखान्यात. पोत्यातून बाजारात नेण्यापेक्षा ते कितीतरी बरं.